परदेशातील एक सत्र : जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी काही धडे

आपल्या वसतिगृहातील दिवस घंटेवर चालतो. पहाटे उठण्याची घंटा, वंदनेची घंटा, जेवणाची घंटा, अभ्यासिकेची घंटा. ज्या घरांत घड्याळ नव्हते त्या घरांतून आलेल्या मुलांना या घंटेने वेळेची शिस्त लावली, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु आता आपले काही माजी विद्यार्थी महाविद्यालयीन शिक्षण घेत असताना विनिमय योजनेतून परदेशी विद्यापीठांच्या व्यवस्थापन शाखांत एका सत्रासाठी जाऊ लागले आहेत. तिथे घंटा वाजत नाही. सुट्टीत शाळेला भेट देताना त्यांनी जे सांगितले, त्यातून काही धडे वेचून पुढच्या मुलामुलींसाठी व त्यांच्या पालकांसाठी येथे मांडत आहोत. आपली मुले जिथे अधिक गेली तो देश म्हणून उदाहरण जर्मनीचे घेतले आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. विनिमय विद्यार्थी हा आपल्याच महाविद्यालयाच्या पटावर राहतो. शुल्क येथेच भरतो, चार ते सहा महिने तिकडे शिकतो आणि तेथे मिळवलेले श्रेयांक येथील पदवीत जमा होतात. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती परदेशातील पूर्ण पदव्युत्तर किंवा पीएच.डी. अभ्यासक्रमासाठी असते, एका सत्राच्या विनिमयासाठी ती गृहीत धरू नये. विनिमयासाठी दोन्ही विद्यापीठांमधील करारात काय तरतूद आहे आणि युरोपीय संघाच्या इरास्मस प्लस योजनेचे साहाय्य त्या कराराला जोडलेले आहे काय, याची चौकशी करावी.

एक चुकलेली नोंदणी

आपली एक माजी विद्यार्थिनी पुण्याच्या एका महाविद्यालयातून जर्मनीत गेली होती. आई-वडील दोघेही ऊसतोडणीला जाणारे. दहावीपर्यंत ती आपल्याच वसतिगृहात होती. तिकडे तिने एकही व्याख्यान चुकवले नाही. टिपणे इतकी नेटकी की वर्गातील इतर मुले तिच्याकडे मागायला येत. परीक्षेच्या दिवशी ती सभागृहाच्या दाराशी गेली, तेव्हा यादीत तिचे नाव नव्हते. विषय निवडणे आणि त्या विषयाच्या परीक्षेसाठी नाव नोंदवणे या तेथे दोन वेगळ्या गोष्टी असतात. नोंदणीची मुदत काही आठवड्यांपूर्वीच संपली होती. आपल्याकडे परीक्षेचा अर्ज भरण्याची सूचना फलकावर लागते, कारकून वर्गात येऊन आठवण करतो, उरलेल्यांची नावे पुकारली जातात. तसेच कोणीतरी पुकारील, या भरवशावर ती राहिली. सहा श्रेयांकांचा तो विषय तिला परत आल्यावर येथे पुन्हा करावा लागला.

आम्ही तिला विचारले, "मैत्रिणी नोंदणीविषयी बोलत होत्या, तेव्हा तू का विचारले नाहीस?" ती म्हणाली, "सर, वाटलं, विचारलं तर म्हणतील हिला एवढंही कळत नाही."

हे उत्तर आम्हांला फार दिवस अस्वस्थ करीत राहिले. तिच्या बुद्धीत काही उणे नव्हते, कष्टात तर मुळीच नव्हते. उणे होते ते विचारण्याच्या सवयीत, आणि ती सवय लावण्याचे काम आम्हा शिक्षकांचे होते. ज्यांच्या घरी दोन पिढ्या पदवीधर आहेत त्यांना विद्यापीठाच्या अशा रीतीभाती घरातच कानावर पडतात. आपल्या मुलांना त्या विचारूनच कळणार. म्हणून पुढील सर्व सूचनांचा गाभा एकच आहे : वेळेत विचारावे आणि मिळालेले उत्तर लेखी घ्यावे.

निघण्यापूर्वी

पहिला प्रश्न वेळापत्रकाचा. जर्मनीतील बहुतेक विद्यापीठांत हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी सत्र १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असे असते. हिवाळी सत्राची व्याख्याने साधारण ऑक्टोबरच्या मध्यास सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि त्यानंतर परीक्षा येतात. तोवर आपल्याकडील पुढचे सत्र अर्धे सरलेले असते. व्यवस्थापन शिक्षणासाठी प्रसिद्ध असलेल्या मानहाइम विद्यापीठाने मात्र आपले सत्र सप्टेंबरात सुरू करून नाताळापूर्वी परीक्षा आटोपण्याची पद्धत ठेवली आहे. ती आपल्या वेळापत्रकाशी अधिक जुळते. इतरत्र जाणाऱ्याने परत आल्यावर बुडालेल्या तासिकांचे व अंतर्गत गुणांचे काय होणार, याविषयी प्राचार्यांचे पत्र आधीच घ्यावे.

दुसरी गोष्ट अध्ययन कराराची. तेथे कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात येथील कोणते विषय सुटणार, याचा हा करार असतो. त्यावर विद्यार्थी, पाठवणारी संस्था आणि स्वीकारणारी संस्था या तिघांच्या सह्या लागतात. प्रत्यक्ष तेथे पोहोचल्यावर एखादा विषय भरलेला असतो, तर एखादा केवळ जर्मन भाषेतून शिकवला जातो. मग निवड बदलावी लागते. असा प्रत्येक बदल पुन्हा तिघांच्या सहीने नोंदवावा. "बघू नंतर" हे तोंडी आश्वासन कितीही आपुलकीने दिलेले असले, तरी गुणपत्रिका येते तेव्हा ते उपयोगी पडत नाही.

तिसरी गोष्ट पैशांची. व्हिसासाठी निर्वाहाची सोय दाखवावी लागते. त्यासाठी बंदिस्त खाते उघडतात. त्यात रक्कम आधी भरायची आणि तेथे गेल्यावर दरमहा ठरावीक हप्ता काढायचा. सप्टेंबर २०२४ पासून हा हिशेब दरमहा ९९२ युरो असा धरला गेला, म्हणजे सहा महिन्यांसाठी ५,९५२ युरो. आकडा बदलत असतो, म्हणून अर्जाच्या वेळी दूतावासाची सूचना पाहावी. पुरेशी शिष्यवृत्ती असल्यास तिचे पत्र या जागी चालू शकते. अध्यापन शुल्क विनिमय विद्यार्थ्याला माफ असले, तरी सत्र-वर्गणी बहुधा भरावी लागते आणि आरोग्य विम्याच्या पुराव्याशिवाय विद्यापीठात नाव दाखल होत नाही. अर्धवेळ काम करून खर्च भागवू, असा हिशेब एका सत्रासाठी जाणाऱ्याने करू नये. काम मिळेपर्यंत निम्मे सत्र सरते. पालकांनी व्याजाने पैसा उचलण्यापूर्वी हा सारा हिशेब मुलांबरोबर बसून कागदावर मांडावा.

पहिले दोन आठवडे

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्ता नोंदवणे तेथे कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी घरमालकाचे किंवा वसतिगृहाचे लेखी प्रमाणपत्र लागते. बँक, विमा, निवासी परवाना ही पुढची कामे बहुधा या नोंदणीवर अवलंबून असतात.

तेथील व्यवहार अजूनही बराचसा टपालाने चालतो. म्हणून खोली मिळाल्याबरोबर टपालपेटीवर आपले नाव आहे की नाही ते पाहावे. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जाते, आणि त्या पत्रात बँकेचे कार्ड किंवा निवासी परवान्याची भेटीची तारीख असू शकते. प्रसारण-वर्गणीचेही पत्र येते. ती घरटी दरमहा १८.३६ युरो असते, घरात दूरदर्शन संच असो वा नसो. भाषा कळत नाही म्हणून असे पत्र बाजूला टाकून देऊ नये. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात नेऊन दाखवावे. तेथील कर्मचारी याच कामासाठी नेमलेले असतात.

खोलीसाठी शक्यतो विद्यार्थी-सेवा संस्थेच्या वसतिगृहात लवकर अर्ज करावा. हीच संस्था विद्यापीठाची खानावळ चालवते; तिला मेन्सा म्हणतात. तेथे माफक दरात जेवण मिळते आणि शाकाहारी पदार्थही असतात. खाजगी खोली घ्यावी लागली, तर करार हाती येण्यापूर्वी कोणालाही पैसे पाठवू नयेत. रविवारी दुकाने बंद असतात. शनिवारीच शिधा आणून ठेवावा. रात्री दहानंतर शांतता पाळावी. कचरा कागद, ओला, वेष्टने असा निरनिराळ्या डब्यांत टाकावा. आपल्या वसतिगृहात स्वयंपाकघराची पाळी केलेल्या मुलांना सामायिक स्वयंपाकघर जड जात नाही, हे आम्ही अभिमानाने नमूद करतो.

वर्ग, श्रेयांक आणि परीक्षा

युरोपीय पद्धतीत एका सत्राला ३० श्रेयांक धरलेले असतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम अपेक्षित असते. म्हणजे सहा श्रेयांकांच्या विषयाला १५० ते १८० तास. आठवड्याला चार तासिका आणि सुमारे १४ आठवडे धरले, तर वर्गात जातात ५६ तासिका. उरलेले शंभराहून अधिक तास वाचन, उदाहरणे आणि गटकार्य यांचे असतात, आणि ते कोणी वेळापत्रकात लिहून देत नाही. घंटा वाजत नाही असे आम्ही म्हटले, ते या तासांविषयी.

वेळेचा एक गमतीचा संकेतही समजून घ्यावा. वेळापत्रकात वेळेपुढे 'सी.टी.' असेल, तर व्याख्यान पंधरा मिनिटे उशिरा सुरू होते : १० सी.टी. म्हणजे सव्वादहा. 'एस.टी.' असेल, तर अगदी ठोक्याला. आपल्या एस.टी.वरून कोणी तेथील एस.टी.चा अंदाज बांधू नये!

व्यवस्थापन शाखेत मोठ्या व्याख्यानाला जोडून सरावाचा वर्ग असतो. तो ऐच्छिक दिसला तरी सोडू नये. परीक्षेतील उदाहरणांची जातकुळी तेथेच कळते. काही विषयांत एखाद्या खऱ्या कंपनीपुढील पेच वाचायला देतात आणि वर्गात त्यावर चर्चा होते. तेथे बोलण्याला गुण असू शकतात. मराठी माध्यमातून गेलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती वाटते, हे आम्ही जाणतो. त्यावर एका माजी विद्यार्थ्याने काढलेला उपाय साधा होता : आदल्या रात्री दोन मुद्दे लिहून न्यायचे आणि चर्चेच्या पहिल्या दहा मिनिटांत त्यांपैकी एक बोलून टाकायचा. पुढचे बोलणे मग सोपे होते, असे तो सांगतो.

अनेक विषयांत सत्राच्या शेवटच्या एका लेखी परीक्षेवरच सारा निकाल ठरतो. अंतर्गत गुणांचा आधार नसतो. गुणांची श्रेणी आपल्या उलट असते : १.० सर्वोत्तम, ४.० ही उत्तीर्णतेची शेवटची पायरी आणि ५.० म्हणजे अनुत्तीर्ण. या श्रेणीचे येथील गुणांत रूपांतर कोणत्या सूत्राने होणार, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. निबंध सादर करताना तो स्वतः लिहिल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. दुसऱ्याचे वाक्य संदर्भ न देता घेणे हा तेथे गंभीर अपराध आहे.

प्राध्यापकांना भेटण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. आधी चार ओळींचे ई-पत्र पाठवावे : पूर्ण नाव, विद्यार्थी क्रमांक, विषय आणि एकच नेमका प्रश्न. लांबलचक क्षमायाचना नको. प्रश्न विचारणे ही मेहेरबानी मागणे नव्हे. तो विद्यार्थ्याचा अधिकार आहे.

बाबासाहेबांचे एक उदाहरण

बाबासाहेबांच्या विद्यार्थीदशेतील एक प्रसंग येथे आठवतो. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अपुरा टाकून त्यांना परतावे लागले. पुस्तके त्यांनी वेगळ्या जहाजाने पाठवली होती. महायुद्धातील पाणतीर हल्ल्यात ते जहाज बुडाले आणि पुस्तके गेली. परंतु निघण्यापूर्वी त्यांनी एक काम करून ठेवले होते. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवली होती. त्या परवानगीच्या बळावर ते १९२० मध्ये परतले, १९२१ मध्ये एम.एस्‌सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्‌सी. झाले. त्याच काळात, १९२१ मध्ये, त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले आणि त्यासाठीचा अर्ज स्वतःच्या हाताने जर्मन भाषेत लिहिला.

बाबासाहेबांच्या विद्वत्तेविषयी आपण दरवर्षी बोलतो. त्या विद्वत्तेला वाट करून देणाऱ्या या अर्जांविषयी आणि परवानग्यांविषयीही मुलांशी बोलावे, असे आम्हांस वाटते. परिस्थितीने दार लोटले, तरी ते कायमचे बंद होऊ नये यासाठी त्यांनी वेळीच विचारून ठेवले होते.

शेवटी पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना

पालकांनी दर आठवड्याच्या फोनवर "जेवलास का" याबरोबर "या आठवड्यात कोणाला काय विचारलेस" हेही विचारावे. त्यासाठी जर्मन किंवा इंग्रजी यावे लागत नाही. जे माजी विद्यार्थी परदेशी राहून आले आहेत, त्यांनी आपला पत्ता शाळेच्या कार्यालयात द्यावा आणि जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला निदान एक पत्र लिहावे.

आम्ही शिक्षकांनीही आपल्यापुरता एक बदल केला आहे. नववी-दहावीच्या अभ्यासिकेची घंटा आठवड्यातून एक दिवस वाजवायची नाही, असे ठरवले आहे. त्या दिवशी मुले आपली वेळ आपण ठरवतात आणि रात्री वहीत एक प्रश्न लिहून आणतात. पहिल्या आठवड्यात निम्म्या वह्या कोऱ्या आल्या. आता प्रश्न इतके येतात की उत्तरे शोधायला आम्हांलाच ग्रंथालयात बसावे लागते. आणि ज्या विद्यार्थिनीची हकिकत वर सांगितली, ती गेल्या सुट्टीत आली तेव्हा तिनेच त्या वह्या तपासल्या.