फुकटाचा पुडा आणि दिवसाआडची गोळी

गेल्या महिन्यात माझ्या दवाखान्यात एक निवृत्त गुरुजी आणि त्यांची पत्नी आली होती. गुरुजींचे वय सदुसष्ट. मधुमेह अकरा वर्षांचा, रक्तदाब त्यामानाने अलीकडचा. स्वभावाने अत्यंत शिस्तीचे. त्यांच्या तपासण्यांची वही इतकी नीटनेटकी असते की माझ्या दवाखान्यातील नोंदींनी लाजावे. त्या वहीत वर्षभर उपाशीपोटी साखर १२५च्या आसपास होती. या खेपेस १८६ आणि रक्तदाब १५८/९६.

मी विचारले, "गुरुजी, गोळ्या चालू आहेत ना?"

गुरुजी खिडकीबाहेर पाहू लागले. बाईंनीच उत्तर दिले, "दिवसाआड घेतात. मला परवाच कळलं. म्हणाले, महिन्याची ओढाताण होते, औषधं थोडी पुरवून घेतो."

पेन्शन तीच, घर तेच, माणसे दोनच. मग ओढाताण आली कुठून? "वाणसामानाचं बिल वाढलंय, डॉक्टर. आणि खरं सांगू, आम्ही तर सगळं स्कीममध्येच घेतो!" असे म्हणून बाईंनी पर्समधून बिले काढली. बायपासवर नवीन मोठे दुकान झाले आहे, त्याची तीन महिन्यांची तीन बिले. पहिल्याच्या तळाशी ठळक अक्षरांत छापले होते, 'या खरेदीत आपली बचत : ४१२ रुपये'.

वाचकहो, हे आरोग्याचे सदर आहे, बाजारभावाचे नाही, हे मी विसरलेलो नाही. पण त्या दिवशी मी स्टेथॉस्कोप बाजूला ठेवला आणि पेन घेतले. गुरुजींची साखर त्या बिलातच वाढली होती.

त्या बिलाची बेरीज ४,३०० रुपये. पूर्वी आळीतल्या वाण्याकडे यादी देऊन सामान यायचे, तेव्हा महिन्याचे बिल २,९०० च्या आसपास होई. म्हणजे ४१२ रुपये 'वाचवून' १,४०० रुपये जास्त गेले. गुरुजींच्या औषधांचा महिन्याचा खर्च ६२० रुपये आहे.

आता एकेक ओळ पाहू. सर्वांत मोठी बचत तेलाची. पाच लिटरचा कॅन, छापील किंमत ९७५, दुकानाचा भाव ७५०, बचत २२५. आकडा पाहून कोणीही हरखून जाईल. मी बाईंना विचारले, "वाणी एक लिटरची पिशवी कितीला देत होता?" त्या म्हणाल्या, "एकशे अठ्ठेचाळीस." पाच पिशव्यांचे झाले ७४०. म्हणजे २२५ वाचले नाहीत, उलट १० रुपये जास्तच गेले.

येथे एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. एम.आर.पी. म्हणजे कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसह. त्यापेक्षा जास्त घेणे गुन्हा आहे, एवढाच तिचा अर्थ. ती वस्तूची खरी किंमत नव्हे. उत्पादक ती हवी तेवढी फुगवून छापू शकतो आणि मग त्यातून भरघोस सूट देता येते. तेलाच्या बाबतीत तर छापील किंमत आणि बाजारभाव यांत पुष्कळदा मोठे अंतर असते. म्हणून सूट किती हे पाहू नये. आपण काल काय भावाने घेत होतो, ते पाहावे.

तेलाचीच आणखी एक गंमत सांगतो. सोयाबीन तेलाचे एक लिटर २१ अंश तापमानाला सुमारे ९१९ ग्रॅम भरते. तेच ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम, कारण उष्णतेने तेल प्रसरण पावते. काही उत्पादक पिशवीवर '६० अंशांना एक लिटर' असे छापत होते. आता ६० अंशांवर तेल कोणाच्या घरात असते? केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली सांगितले की तापमानाचा उल्लेख न करता निव्वळ माप आणि वजन छापावे. शिवाय पूर्वी तेल, चहा, बिस्किटे यांसारख्या वस्तू ठराविक वजनांतच विकाव्या लागत. २०२१ च्या दुरुस्तीने ते बंधन काढून टाकले. त्यामुळे लिटरच्या पिशवीसारखीच दिसणारी ८५० ग्रॅमची पिशवी बाजारात दिसू लागली. समजा ती १४० रुपयांना आहे, आणि ९१० ग्रॅमची १४८ ला. हात १४० कडे जातो. पण किलोचा भाव काढा. पहिली १६४ रुपये ७० पैसे, दुसरी १६२ रुपये ६० पैसे. स्वस्त दिसणारी महाग निघाली.

हे गणित दुकानात उभ्याने कोण करणार, असे आपण म्हणाल. करण्याची गरज नाही. त्याच दुरुस्तीने वेष्टनावर एकक विक्री किंमत छापणे आवश्यक केले आहे. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पुड्यावर दर ग्रॅमची किंमत, जास्त असेल तर दर किलोची. तेलासारख्या पदार्थाला मिलिलिटर किंवा लिटर. छापील किमतीच्या जवळपास बारीक अक्षरांत ती असते. '०.२२ प्रति ग्रॅम' असे दिसले की हजाराने गुणावे, किलोचा भाव २२० रुपये. मात्र ही किंमत एम.आर.पी.वरून काढलेली असते, सूट वजा करून नव्हे. जिथे सूट आहे तिथे भागाकार आपल्यालाच करावा लागतो. चष्मा आणि मोबाईलमधले गणकयंत्र एवढे भांडवल पुरे.

बिस्किटांचे असेच झाले. 'दोन पुडे घ्या, एक मोफत'. १२० ग्रॅमचा पुडा ४० रुपयांना, म्हणजे ८० रुपयांत ३६० ग्रॅम. किलोचा भाव २२२ रुपये. त्याच कंपनीचा २५० ग्रॅमचा साधा पुडा वाण्याकडे ४५ रुपयांना मिळतो, किलोला १८०. तिसरा पुडा मोफत नव्हता. तिन्ही पुड्यांत त्याची किंमत वाटलेली होती.

पण मला डॉक्टर म्हणून काळजी पैशांपेक्षा त्या तिसऱ्या पुड्याची आहे. तो घरात आला नसता तर गुरुजींनी तो खाल्ला नसता. चहाबरोबर दोन बिस्किटांची चार झाली, कारण "डब्यात आहेतच." तेलाचेही तेच. दोन माणसांना महिन्याला एक लिटर, माणशी अर्धा लिटर, हा हिशेब मीच त्यांना घालून दिला होता आणि ती पिशवी संपत आली की बाईंचा हात आपोआप आखडता होई. पाच लिटरचा कॅन पाच महिने पुरायला हवा होता, तो तीन महिन्यांत संपला. कॅनमधून तेल ओतताना कोणाचाच हात आखडत नाही, माझ्या घरातही नाही. आणि समजा कोणी नेटाने पाच महिने पुरवलाच, तर उघडलेले तेल उन्हाळ्यात खवट होते, तो धोका वेगळा.

बिलात दोन लिटरच्या थंड पेयाची बाटली होती. "नातू येणार होता." अशा पेयांत दर १०० मिलिलिटरला साधारण दहा-अकरा ग्रॅम साखर असते. बाटलीत दोनशे ग्रॅमच्या वर झाली, म्हणजे चाळीस चमचे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सुचवते. नातू दोन दिवसांत परत गेला. उरलेली बाटली कोणी संपवली, हे मी गुरुजींना विचारले नाही.

शेवयांसारख्या त्या झटपट पदार्थाचा बारा पुड्यांचा गठ्ठाही होता. त्याच्या मसाल्यात मीठ भरपूर असते. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात आमटी-भाजीचे मीठही आलेच. रक्तदाबाच्या माणसाच्या घरात बारा पुडे!

आता त्या १,४०० रुपयांचा हिशेब. तेलाच्या कॅनमुळे जे ६०२ रुपये जास्त गेले ते पुढच्या महिन्यांचे तेल म्हणून सोडून देऊ. तरी ७९८ उरतात. हे सगळे यादीत नसलेल्या वस्तूंचे. पुढच्या दोन बिलांत तेल नव्हते, तरी ती साडेतीन हजारांच्या वरच होती. औषधांचे ६२० रुपये येथे गेले होते. मी बिलावर गोल काढून दाखवला, तेव्हा गुरुजी खिडकीबाहेर पाहायचे थांबले.

मी स्वतः फार शहाणा आहे असे समजू नका. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुकानात, त्याचे नाव सांगत नाही, मी ओट्सची दोन पाकिटे घेतली, तिसरे मोफत. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी तारीख दाखवली. मोफत पाकिटाची मुदत नऊ दिवसांत संपत होती. आम्ही चौघे नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ ओट्स खात होतो. घरात तो विषय अजूनही निघतो. तेव्हापासून 'मोफत' दिसले की मी पाकीट उलटे करून प्रथम तारीख वाचतो.

आणखी दोन-तीन गोष्टी चटकन सांगतो. पाच-दहा रुपयांच्या पुड्याची किंमत वर्षानुवर्षे तीच राहते, कमी होते ते आतले वजन. ९९ ला आपण नव्वद समजतो, ते शंभर आहे. छापील किमतीवर दुसरी चिकटपट्टी लावून किंमत वाढवता येत नाही. कमी केलेल्या किमतीची पट्टी चालते, पण तिने मूळ किंमत झाकता कामा नये. फळीवर लावलेला भाव आणि बिलातला भाव जुळतो का, ते दाराबाहेर पडण्यापूर्वी पाहावे. जुळत नसेल तर तिथेच, शांतपणे, मोठ्या आवाजात विचारावे. मागे रांग असते म्हणून आपण संकोचतो. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत. वजन-मापाची तक्रार वैधमापन विभागाकडे करता येते. त्यासाठी बिल जपून ठेवावे लागते आणि आपण ते पिशवीतच भिजवतो.

वेष्टनावरील दावे हा मोठा विषय आहे, पण एक उदाहरण देतो, कारण गुरुजींच्या कॅनवर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असे लिहिले होते आणि बाईंना त्याचे फार अप्रूप होते. शेंगदाणा, करडई, सोयाबीन, कोणत्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. ते प्राणिज पदार्थांत असते. म्हणजे हे बैलगाडीवर 'पेट्रोलमुक्त' लिहिण्यासारखे झाले. त्या तेलाची चमचाभर चरबी मात्र घाण्याच्या तेलाइतकीच असते. पौष्टिकतेच्या तक्त्यातही अशीच हातचलाखी चालते. 'एका वेळच्या वाट्यात' साखर फक्त इतकी, असे लिहितात, आणि तो वाटा असतो दोन बिस्किटांचा. तेव्हा १०० ग्रॅमचा रकाना वाचावा.

ज्वारी, मूग, मेथीची जुडी यांवर 'एकावर एक मोफत' मी तरी अजून पाहिलेले नाही. या योजना टिकाऊ, पाकीटबंद, चवीला चटकदार अशा मालावरच जास्त असतात, आणि माझ्या मधुमेही रुग्णांना मी जे टाळायला सांगतो ती यादी जवळजवळ हीच आहे.

मोठ्या दुकानांशी माझे वैर नाही. डाळी, साबण, कपडे धुण्याची पावडर तेथे खरोखर स्वस्त मिळू शकते. स्वच्छताही असते. आणि आळीतला वाणी संत असतो असेही नाही. पण वाण्याकडे आपण यादी देतो आणि यादीइतकेच घरी येते. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून हेच केले. अनेक कुटुंबांनी एकत्र येऊन महिन्याची मागणी आधी नोंदवायची, एकत्रित खरेदी करायची आणि माल वाटून घ्यायचा. भाव तर उतरतोच, पण जे मागितले नाही ते घरात येत नाही. आपल्याकडे एखाद्या सोसायटीतल्या किंवा भिशीतल्या दहा घरांना हे सहज जमण्यासारखे आहे.

गुरुजींना मी त्या दिवशी औषध बदलून दिले नाही. आहे तेच रोज घ्या, म्हणालो, आणि खर्च जड जात असेल तर मला सांगा, जनऔषधी केंद्रातून काय मिळेल ते पाहू. पण न सांगता गोळी चुकवू नका. बाईंना यादी करायला सांगितले, आणि दुकानात जाताना पोट भरलेले असावे, असेही.

गेल्या सोमवारी दोघे पुन्हा आले. साखर १३८, रक्तदाब १४०/८६. याचे श्रेय मुख्यतः रोजच्या गोळीला आहे, तरी थोडे तेल-बिस्किटांनाही द्यायला हरकत नाही. बाईंनी नवे बिल दाखवले, ३,०५० रुपये. तेलाची एकच पिशवी. त्यांनी ९१० ग्रॅमच्या आकड्याखाली पेनाने रेघ मारून आणली होती. तळाशी छापलेली बचत फक्त ३८ रुपये होती. गुरुजी म्हणाले, "डॉक्टर, बिलातली बचत कमी झाली म्हणून हिचा जीव अजून हळहळतोय."

पुढील आठवड्यात : उन्हाळ्यातील मूत्रखड्याचा त्रास.