सेडोनाला अर्धा दिवस देऊ नकोस

चि. ईशान,


दादा-वहिनींसह फिनिक्सहून आरव्ही घेऊन ग्रँड कॅन्यनकडे निघताना वाटेत सेडोनाला थांबावं का, असं तू विचारलंस, आणि सोबत मित्रमंडळींचं मतही कळवलंस: जागा देखणी आहे, पण तिचा पार बाजार झालाय, तेव्हा दुपारी दोन-तीन तास डोकावावं आणि पुढे सटकावं. जागा देखणी आहे आणि तिचा बाजार झालाय, हे दोन्ही खरं. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. थांबायचं तर दोन रात्री थांब, नाहीतर गावात शिरूच नकोस. मधला मार्ग शहाणपणाचा वाटतो, पण या गावापुरता तोच सगळ्यात वाईट आहे.

कारण गर्दीच्या स्वरूपात आहे. सेडोनाची वस्ती दहा हजारांच्याही आत, येणारे-जाणारे मात्र दरवर्षी लाखांनी. फिनिक्सहून जेमतेम दोन तासांचा रस्ता, त्यामुळे सकाळी निघून रात्री घरी परतणारे पुष्कळ. दक्षिणेकडून येणारा १७९ आणि गावातून जाणारा ८९ए हे दोन रस्ते एकाच चौकात मिळतात, आणि त्या चौकाच्या आसपास दुकानं, स्फटिकांचे गाळे, गुलाबी जीपगाड्या अशी सगळी जत्रा. म्हणजे गर्दीला जागा ठरलेली आहे आणि वेळही: साधारण दहा ते चार. त्या पट्ट्याबाहेर चहूकडे कोकोनिनो राष्ट्रीय वन पसरलेलं आहे, तिथे कुणाचंही दुकान नाही. महाबळेश्वरच्या बाजारात भर दुपारी अडकून पडलेल्या माणसाला पहाटेचा आर्थर सीट कसा असतो हे सांगून कळत नाही, तशातला हा प्रकार. ‘टुरिस्टी’ म्हणून नाक मुरडत जो दुपारचे तीन तास देतो, त्याच्या वाट्याला नेमका टुरिस्टी भागच येतो.

त्यात तुझी गाडी पंचवीस फुटी. पायवाटांच्या तोंडाशी असलेले वाहनतळ छोट्या गाड्यांनाच पुरत नाहीत. कॅथीड्रल रॉक या सुळक्यासमोरचा तर गावची मोफत शटल ज्या दिवशी चालते त्या दिवशी बंदच ठेवतात. आरव्हीतून अर्धा दिवस याचा अर्थ एका गोल चौकातून दुसऱ्या गोल चौकात फिरत जागा शोधणं, आणि शेवटी खिडकीतूनच दोन फोटो काढणं. एवढ्यासाठी महामार्ग सोडू नये.

ग्रँड कॅन्यन पुढे आहेच, मग हे खडक कशाला, हा तुझा प्रश्न मात्र बिनतोड वाटतो, पण त्याचं उत्तर भूशास्त्रात आहे. कॅन्यनच्या काठापासून थोडं खाली भिंतीत एक फिकट पिवळसर-पांढरा पट्टा दिसतो, तो कोकोनिनो वालुकाश्म. सुमारे साडेसत्तावीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्यांचा हा दगड. सेडोनात हाच थर तुझ्या डोक्यावर, कड्यांच्या वरच्या अंगाला असतो. त्याच्या खालचा जो जाड तांबडा थर बेल रॉक आणि कॅथीड्रल रॉकचे सुळके घडवतो, तो श्नेब्ली हिल थर मात्र कॅन्यनच्या भिंतीत नाहीच. तिथे तू पृथ्वीचे थर वरून वाकून बघणार. इथे त्यांच्या पायथ्याशी उभा राहून मान वर करणार. शिवाय तांबडेपणा येतो तो वाळूच्या कणांवर बसलेल्या लोहाच्या ऑक्साइडच्या पातळ लेपामुळे, आणि दुपारच्या उभ्या उन्हात तो रंग फिका, धुरकट पडतो. उन्हं तिरपी झाली की ओक क्रीकच्या काठावरून, रेड रॉक क्रॉसिंगपाशी, कॅथीड्रल रॉक बघ. खाली प्रवाहाच्या संथ भागात सुळक्याचं प्रतिबिंब असतं आणि वर दगड विटेपासून निखाऱ्यापर्यंत सगळ्या छटांतून जातो. हा खेळ सकाळ-संध्याकाळचा, म्हणून मुक्काम हवा. अंधार पडल्यावरही काम आहे: गावानं दिव्यांवर बंधनं घातली आहेत, २०१४ पासून सेडोनाला आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय’ मान्यता आहे, आणि वहिनींनी नाशकात कधी न पाहिलेली आकाशगंगा अमावास्येच्या आसपास इथे सहज दिसेल.

खर्चाचं म्हणशील तर तो आहेच. गावातच, ओक क्रीकच्या काठी, बाजारापर्यंत चालत जाता येईल असा आरव्ही पार्क आहे, पण तो महाग. तीसेक किलोमीटरवर कॉटनवूडला डेड हॉर्स रँच हे राज्याचं उद्यान आहे. तिथे वीज-पाण्याचं कनेक्शन आणि डंप स्टेशन, दोन्ही मिळतं, आणि भाडं बरंच कमी. तिथे आरव्ही लाव आणि एक दिवसासाठी छोटी गाडी भाड्याने घे, असं मी सुचवेन. कॉटनवूडहून सेडोनाला बसही जाते, पण पहाट गाठायची तर बसच्या भरवशावर राहू नये. ओक क्रीक कॅन्यनमधली वनखात्याची कॅम्पग्राउंड्स सावलीची आणि सुंदर आहेत, पण तिथे वीज नाही. उन्हाळ्यात पारा पस्तिशीच्या वर जातो, एसीशिवाय दादाचे हाल होतील. दादाच्या गुडघ्यांचा विचार करता कॅथीड्रल रॉकची चढण तू एकट्यानेच कर. ती छोटी आहे, पण काही ठिकाणी हात टेकावे लागतात. बेल रॉकच्या पायथ्याची वाट रुंद आणि बरीचशी सपाट आहे, ती सगळ्यांना जमेल. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास तू काढणारच आहेस. गाडीत तो दर्शनी ठेवलास की वनखात्याचा ‘रेड रॉक पास’ वेगळा काढावा लागत नाही.

सेडोनात सांगितले जाणारे ‘व्हॉर्टेक्स’ म्हणजे जमिनीतून उसळणाऱ्या ऊर्जेचे भोवरे, त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. ऐंशीच्या दशकात हे खूळ फोफावलं, १९८७ साली तर हजारो माणसं त्यासाठी गोळा झाली होती. आपल्याकडच्या बुवा-बाबांशी तुलना करायचा मोह होतो, पण इथले दुकानदार निदान दुकानाची पाटी लावून बसतात. पैसे खिशात ठेव, खडक फुकट आहे.

यापेक्षा गंभीर आक्षेप तुझ्या बायकोने घेतला आहे: प्रवाशांनीच ज्या गावाला जगणं महाग केलं, तिथे आपण भर का घालावी? तिचं म्हणणं रास्त आहे. २०१६ च्या राज्याच्या कायद्यामुळे अॅरिझोनातल्या गावांना अल्पमुदतीच्या भाड्याच्या घरांवर बंदी घालता येत नाही, आणि सेडोनातली कितीतरी घरं पाहुण्यांसाठी गेली. २०२४ साली नगर परिषदेने गावातच नोकरी करणाऱ्या पण भाडं न परवडणाऱ्या लोकांना रात्री आपापल्या गाडीत झोपायला तात्पुरती जागा द्यायचं ठरवलं, तर त्याच वर्षी नोव्हेंबरात मतदारांनी ते हाणून पाडलं. प्रवासी पैसे भरून गाडीत झोपला तर चालतो, त्याच्या टेबलावर जेवण आणून देणारा झोपला तर चालत नाही! हे खुपलंच पाहिजे. पण यातून निघतं ते इतकंच की बंगला भाड्याने घेऊ नये. रीतसर आखून दिलेल्या जागेवर उभी राहिलेली तुझी आरव्ही कुणाचं घर अडवत नाही, आणि कॉटनवूडसारख्या साध्या गावात दोन दिवसांचा किराणा आणि डिझेल घेतलंत तर पैसा निदान एकाच चौकात साचणार नाही. उलट अर्धा दिवस येणारा रस्ता अडवतो, धूर सोडतो आणि जाताना एक चुंबक विकत घेतो.

आता जायच्या वाटेचं. नकाशा तुला सेडोनाहून ८९ए ने ओक क्रीक कॅन्यनमधून फ्लॅगस्टाफला जायला सांगेल, अंतर कमी म्हणून. शेवटच्या टप्प्यात ती वाट नागमोडी वळणांनी कड्यावर चढते. छोट्या गाडीतून जरूर जा, आरव्ही मात्र आय-१७ महामार्गावरूनच वर ने. फ्लॅगस्टाफ एकवीसशे मीटरवर आहे, मार्चमध्येही बर्फ पडू शकतो. मार्च ते मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा सेडोनाचा हंगाम, तेव्हा जागा आधी राखून ठेव.

आणि दोन रात्री बसतच नसतील, तर खंत न करता सेडोना वगळ. त्याऐवजी आय-१७ लगतच्या माँटेझुमा कॅसलपाशी तासभर थांब. सिनाग्वा लोकांनी उभ्या कड्याच्या कपारीत बांधलेली पाच मजली वस्ती तिथे आहे, १९०६ पासून संरक्षित. वाट छोटी, सपाट आणि फरसबंद आहे, दादा-वहिनींना कुठेही चढावं लागणार नाही. तारखा पक्क्या झाल्या की कळव.

तुझा,
सुधीरकाका