खुराडं बांधणाऱ्या भाचीस

दापोली,
माघ

चि. सोनूस,


गिरिराज जातीच्या कोंबड्यांची दहा पिल्लं सांगून ठेवलीस आणि खुराडं स्वतःच बांधायचं ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. पत्राच्या शेवटी तू विचारतेस, "मावशी, मी आजवर खिळासुद्धा धड ठोकलेला नाही. जमेल का?" जमेल. पण नुसता धीर देऊन मी थांबणार नाही. खुराड्यातली चूक बांधणाऱ्याला दिवसा दिसत नाही, रात्री कोंबडीला भोगावी लागते. म्हणून हत्यार हातात घेण्याआधी जे माहीत हवं ते सविस्तर लिहिते.

आपल्याकडे कोंबड्या बायकांच्या असतात. सकाळी दार उघडणं, कणी टाकणं, खुडूक कोंबडीखाली अंडी मांडणं, दिवेलागणीला मोजून आत घेणं, सगळं त्याच करतात. अंड्यांचे पैसेही बहुधा त्यांच्याच डब्यात पडतात आणि त्यातून मुलांच्या वह्या येतात. पण खुराड्याची फळी सुटली की कारभार थांबतो, कारण करवत आणि रंधा घरातल्या पुरुषांचा किंवा सुताराचा. सुतार कुणाच्या तरी घराच्या कामात अडकलेला असतो, चार खिळ्यांसाठी तो कधी येणार? तोवर दाराला दगड टेकवून भागवायचं, आणि दगडाशेजारच्या फटीतून मुंगूस आत शिरायचं. जी बाई रोज दार लावते तिला ते दार दुरुस्त करता आलं पाहिजे. आणि दुरुस्ती शिकायची तर ते दार आपण बसवलेलं असणं, यापरता दुसरा धडा नाही. मजुरी वाचेल ती वेगळी, पण खरा लाभ हा.

पहिलं काम म्हणून खुराडं मला पसंत आहे. त्यात सुतारकामाचं मूळ सगळं येतं: माप, काटकोन, कापणं, जोडणं, दार टांगणं. शिवाय फळीचं तोंड जरा वाकडं कापलं गेलं तरी कोंबडीची तक्रार नसते. मात्र फट राहिली तर माफी नाही. कुठे सुबकपणा सोडायचा आणि कुठे तसूभरही ढिलाई चालायची नाही, हे या कामात आपोआप कळतं.

आता खुराड्यावर कोण येतं याचा विचार कर. आपल्या बाजूला मुंगूस, रानमांजर, उदमांजर, घूस आणि साप हे नेहमीचे. बाजारात षटकोनी भोकांची पातळ चिकन जाळी मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला अडवत नाही. कुत्रा ती फाडतो, आणि लहान मुंगूस किंवा साप मोठ्या भोकातून सरळ आत येतो. तू अर्ध्या इंची चौकोनांची वेल्डमेश घे. महाग पडेल, पण त्यात काटकसर करू नकोस. अर्ध्या इंचातून चिमणीही येत नाही, आणि तेही महत्त्वाचं आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला, तो देशातला पहिला. रानपाखरांची विष्ठा कोंबड्यांच्या खाण्यापिण्यात पडू नये ही काळजी तेव्हापासून परसातल्या कोंबड्यांनाही लागू झाली. जाळी चौकटीच्या बाहेरून लाव, म्हणजे बाहेरून रेटा आला की ती लाकडावरच दाबली जाईल. नुसत्या यू-खिळ्यांवर विसंबू नकोस. कडेवरून लाकडी रीप ठेव आणि ती स्क्रूनं आवळ.

माप असं धर. दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना रात्रीपुरती माणशी, म्हणजे कोंबडीमागे, एक ते दीड चौरस फूट जागा पुरते. दहा कोंबड्यांना चार फूट बाय तीन फूट ठीक. जमिनीपासून दोन फूट उंच उचल, म्हणजे ओल लागत नाही, घूस पोखरत नाही आणि खालून झाडता येतं. पुढचे दोन खांब साडेपाच फुटांचे, मागचे पावणेपाचचे. या नऊ इंचांच्या फरकानं छपराला उतार मिळतो. खांब मातीत पुरू नकोस, वाळवी चढेल. प्रत्येक खांबाखाली जांभ्याचा चिरा दे.

पुस्तकांत लिहिलेलं असतं की कोंबड्यांच्या शेडची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन सरळ आत शिरत नाही. मोठ्या शेडला ते योग्यच आहे. पण तुझं खुराडं लहान आहे आणि आपला पाऊस तीन-साडेतीन हजार मिलिमीटरचा, तोही नैर्ऋत्येकडून झोडपणारा. म्हणून खुराड्याची पाठ पश्चिमेला कर आणि ती फळ्यांनी बंद कर. जाळीचं तोंड पूर्वेला ठेव, म्हणजे सकाळचं ऊन आत येऊन खाली पसरलेला भाताचा तूस वाळेल. छपराच्या लगेच खाली सगळीकडे सहा इंच जाळीची पट्टी मोकळी सोड. विष्ठेतून अमोनिया सुटतो, तो वरून निघून गेला पाहिजे. नाहीतर कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात, छाती भरते. थंडी लागेल म्हणून पुष्कळ बायका गोणपाटानं सगळं बंद करतात. तसं करू नकोस. कोंबडीला कोरडी थंडी सोसते, कोंदट ओल सोसत नाही.

छप्पर चारी बाजूंनी दीड फूट बाहेर काढ, पण त्याला खालून तिरके आधार दे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात घरांचे पत्रे उडाले, ते तुला आठवत असेलच. बाहेर आलेला पत्रा वारा धरतो. म्हणून तो खिळ्यांनी ठोकू नकोस, जे-हुक आणि वायसर लावून वाशाला आवळ. उन्हाळ्यात पत्र्यावर झावळं टाक.

गिरिराज देशीपेक्षा अंगानं भारी असते, तिला उंच उडी मारवत नाही. तेव्हा बसायची दांडी फळ्यांच्या जमिनीपासून दीड फुटावरच बसव. दीड-दोन इंच जाडीची असू दे, आणि कडा पॉलिश पेपरनं गोल कर. धारदार कडेवर रोज बसून पायाला गळू होतं. प्रत्येकीला आठ इंच जागा धरलीस तर चार फुटांच्या दोन दांड्या पुरतात. अंडी घालायचे दोन-तीन खोके एकेक फुटाचे कर आणि ते दांडीपेक्षा खाली लाव. कोंबडी रात्री उंचावरची जागा शोधते. खोका उंच असला की ती त्यातच झोपते आणि अंडी घाण होतात. जमिनीवर भाताचा तूस दोन-तीन इंच.

लाकूड घेताना घाई करू नकोस. खांबांना ऐन, किंजळ किंवा चांगली वाळलेली आकेशिया घे. ओलं लाकूड वाळताना पिळतं आणि तू जुळवलेलं दार वैशाखात लागेनासं होतं. आंब्याची फळी स्वस्त असते, पण तिला किडा लवकर लागतो, म्हणून ती भिंतींपुरतीच वापर. कुणी सामानाच्या पॅलेटची लाकडं देऊ केली तर त्यांच्यावरचा शिक्का बघ. 'एचटी' म्हणजे तापवून कीड मारलेलं, ते चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते आणू नकोस. शिक्काच नसेल किंवा रसायनाचे डाग असतील तर चुलीतसुद्धा घालू नकोस.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. टेप, गुण्या, करवत, हातोडी, अंबूर, ड्रिल मशीन, पत्र्याची कात्री आणि दोन क्लॅम्प एवढं पुरे. खालची चौकट सगळ्यात आधी कर, कारण वरचं सगळं तिच्यावर उभं राहतं. चार बाय तीन हे माप मी मुद्दाम सांगितलं आहे. चौकट जुळली की टेप एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका धर. बाहेरून बाहेर बरोबर पाच फूट भरले तर चौकट गुण्यात आहे. दुसरा कर्णही मोज, तोही पाचच हवा. एक पाच फूट अर्धा इंच आणि दुसरा पाचाला अर्धा इंच कमी भरला, तर लांब भरणाऱ्या कर्णाचे कोपरे एकमेकांकडे हळू दाब आणि पुन्हा मोज. दोन्ही सारखे होईपर्यंत स्क्रू पक्के करू नकोस. शाळेत मार्कांसाठी पाठ केलेला पायथागोरस इथे तुझ्या हाताखाली काम करेल.

सारख्या लांबीचे तुकडे कापायचे तेव्हा दर वेळी टेप लावत बसू नकोस. पहिला तुकडा नीट काप, त्यावर खूण कर आणि बाकी सगळे त्याच्यावरूनच आख. रेघ धारदार पेन्सिलीनं ओढ, आणि करवत रेघेच्या टाकाऊ बाजूनं चालव. करवतीची पातीही जागा खाते. आरंभी दोन-तीनदा करवत हलकेच मागे ओढ, म्हणजे खाच पडते. मग लांब, सावकाश हात. जोर लावलास की करवत अडकते. खांदा, कोपर आणि पातं एका रेषेत आलं की दातच काम करतात. लाकूड गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेव आणि त्यावर गुडघा रोव. मनगटाची ताकद कमी पडते असं वाटेल, तिथे अंगाचं वजन कामी येतं. कामाचं घोडं आपल्या उंचीचं करून घे, पुरुषांच्या मापाच्या बाकावर वाकून पाठ मोडू नकोस.

फळीच्या टोकाला स्क्रू मारण्याआधी ड्रिलनं बारीक भोक पाड, नाहीतर लाकूड उभं चिरतं. स्क्रूचा दोन तृतीयांश भाग दुसऱ्या लाकडात गेला पाहिजे. ड्रिल चालवताना केस बांध, ओढणी काढून ठेव, बांगड्या उतरव, डोळ्याला चष्मा लाव. हातमोजे मात्र घालू नकोस, फिरत्या पात्यात ते गुंडाळले जातात. दाराला दोन बिजागऱ्या, आणि कडी-कोयंड्याला वरून खिट्टी. नुसती कडी हिसक्यानं निघते.

एक गोष्ट नक्की होईल, तिला तयार राहा. तू कापायला बसलीस की कुणीतरी मायेनं म्हणेल, "दे इकडे, मी पटकन करतो." दीर असेल, शेजारचे काका असतील. त्यांचा राग करू नकोस, फळीचं दुसरं टोक धरायला सांग. करवत मात्र देऊ नकोस. त्यांच्या हातून काम लवकर होईल हे खरं, पण तुझा हात आहे तिथेच राहील. १९८३ मध्ये सुरू केलेल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबागांनी हेच धोरण ठेवलं: गावच्या शाळेतल्या मुलींनीही मुलांच्या बरोबरीनं वर्कशॉपमध्ये हत्यार हातात घ्यायचं आणि गावाला लागणारी खरी वस्तू करायची. मी शाळेत कार्यानुभव शिकवत असताना पाहिलं आहे, ज्या मुलीच्या हातात हत्यार टिकतं तिचा प्रश्न विचारण्याचा आवाजही बदलतो.

आणि गावच्या सुतारकाकांकडे जरूर जा. करवतीचे दात कानशीनं कसे घासायचे, ते आळीपाळीनं दोन्ही बाजूंना कसे वळवायचे, हे त्यांच्याकडूनच शीक, आणि त्या वेळेचे पैसे दे. एक खुराडं बांधून कुणी सुतार होत नाही. पिढ्यांचं कसब त्यांच्या हातात आहे, याची जाण तुला स्वतः फळी कापल्यावरच येईल.

मृगाआधी काम पुरं कर. पिल्लं आणण्यापूर्वी आतून चुना मार. लाकडाच्या सांध्यांत कोंबडीच्या अंगावरचे किडे लपतात, म्हणून प्रत्येक फट चुन्यानं भरली पाहिजे. मग रात्री आत दिवा ठेवून बाहेरून फेरी मार. जिथून उजेड दिसेल ती जागा जाळीची नसेल तर बुजव.

सगळी मापं वहीत लिहून ठेव, काय बदललंस तेही लिही. तुझं खुराडं पाहून बचत गटातली एखादी म्हणेल, "मलाही असंच बांधून दे." तिला बांधून देऊ नकोस. वही दे, शेजारी उभी राहा, आणि तिच्याकडून बांधून घे.

पिल्लांना मानमोडी रोगाची लस वेळेवर दे. घरच्या सगळ्यांना नमस्कार व आशीर्वाद.

तुझी,
मावशी