मूतखडा फोडणारी लहर

सुश्रुताने अश्मरीच्या, म्हणजे मूतखड्याच्या, शस्त्रक्रियेचे वर्णन करताना एक विलक्षण सूचना दिली आहे. शस्त्र न लावावे तर मृत्यू निश्चित, लावावे तर यशाचा भरवसा नाही. म्हणून वैद्याने आधी राजाची अनुज्ञा घ्यावी! पुढे भूल आली, जंतुनाशके आली, मरणाचे भय पुष्कळ ओसरले. तरीही १९८० पर्यंत मूत्रपिंडातील मोठा खडा काढावयाचा म्हणजे बहुधा कूस चिरणे आलेच. त्यातून हा रोग उलटणारा. जुन्याच व्रणावर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सुरी चालविणे रोग्याप्रमाणे शस्त्रवैद्यालाही संकट वाटे.

या संकटातून वाट काढणाऱ्यांत म्यूनिकचे डॉक्टर ख्रिश्चन शॉसी हे प्रमुख होत. मूळ कल्पना मात्र वैद्यकातली नव्हे. ध्वनीहून वेगवान विमानावर पावसाचे थेंब आदळले तर धातूचे काय होते, याचा शोध डोर्नियर या जर्मन विमान-कारखान्यात चालू होता. अशा आघाताची लहर घन पदार्थाला आतून तडा देते, तर ती खड्याला का देणार नाही?

विद्यार्थिमित्रहो, येथे तुमची भूमिती उपयोगी पडते. लंबवर्तुळाला दोन नाभी असतात. एका नाभीतून निघालेली लहर परिघावरून परावृत्त होऊन नेमकी दुसऱ्या नाभीत एकवटते. शास्त्रज्ञांनी अर्ध्या लंबगोलाच्या आकाराचे धातूचे पात्र पाण्याखाली ठेवले, एका नाभीत विजेची प्रचंड ठिणगी पाडली आणि दुसऱ्या नाभीत खडा येईल अशी योजना केली. आपले मांस बहुतांशी पाणीच. म्हणून पाण्यातून आलेली लहर त्यातून जवळजवळ निर्वेध जाते. खड्याची घनता निराळी. तेथे तिचा जोर प्रकट होतो आणि खडा फुटतो.

कागदावर हे सोपे दिसते. पण फुप्फुसांत हवा असते आणि तेथे ही लहर घातक ठरते, हे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले. खडा नेमका कोठे आहे हे शोधण्यास ध्वनिलहरी अपुऱ्या पडल्या, तेव्हा क्ष-किरणांचा आश्रय घ्यावा लागला. मानवी खडे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांत बसवून ते फोडून पाहिले. आमच्या मते शॉसींचे खरे मोठेपण या धीराच्या वर्षांत आहे. कल्पना सुचणारे पुष्कळ असतात.

अखेर ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्यूनिक येथे पहिल्या रोग्याला पाण्याच्या टाकीत उतरविण्यात आले. भूल दिली होती, पण सुरी नव्हती. खड्याचा चुरा पुढे लघवीवाटे बाहेर पडावयाचा. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या कार्याचा वृत्तांत आला, आणि १९८४ च्या डिसेंबरात अमेरिकेनेही या यंत्रास मान्यता दिली.

उपाय सर्वगामी मात्र नाही. खडा फार मोठा असला तर तुकडे मूत्रवाहिनीत रांगेने अडकतात. जर्मन डॉक्टरांनी या रांगेला ‘दगडांचा रस्ता’ असे गमतीदार नाव दिले आहे. रोग्याला अर्थात त्यात गंमत वाटत नसणार. आज पाण्याची टाकी गेली. रोग्याच्या अंगाला केवळ पाण्याची उशी टेकवितात. बारीक नळी आत घालून लेसर किरणाने खडा फोडण्याची रीतही बरीच पुढे आली आहे. स्वतः शॉसी पुढे म्यूनिकच्याच हारलाखिंग रुग्णालयात मूत्ररोग विभागाचे प्रमुख झाले, आणि एकवटलेल्या ध्वनिलहरींनी पौरुषग्रंथीचा कर्करोग जाळण्याच्या प्रयत्नाकडे वळले.