ठिसूळ, नाजूक आणि तकलादू : अर्थच्छटा शिकविण्याची एक रीत

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिलीच्या वर्गापासून शिकविला जात आहे. त्यामुळे पूर्वी वरच्या वर्गांत उद्भवणारा एक प्रश्न आता प्राथमिक शिक्षकापुढे लवकर येऊन उभा राहतो. इंग्रजी शब्दापुढे एक मराठी शब्द लिहावयाचा व ती जोडी पाठ करून घ्यावयाची, ही आपली रूढ रीत आहे. आंबा, बैल, खिडकी अशा वस्तुवाचक शब्दांपुरती ती चालते. गुण सांगणाऱ्या शब्दांच्या बाबतीत मात्र ती फसते.

सहज मोडणाऱ्या वस्तूंविषयीचे ब्रिटल, फ्रॅजाइल, फ्रेल, डेलिकेट व फ्लिम्झी हे पाच शब्द घ्या. या सर्वांपुढे ‘नाजूक, ठिसूळ’ एवढेच लिहून दिले, तर विद्यार्थी आपल्या आजीला ब्रिटल म्हणेल आणि पैठणीची स्तुती करावयास जाऊन तिला फ्लिम्झी ठरवील. पहिल्या वाक्याने हसू होईल. दुसऱ्याने विणकराचा अपमान होईल. दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या शुद्ध असल्यामुळे वहीत मात्र त्यांवर बरोबरची खूण पडण्याचा संभव आहे.

१. मुलांजवळ असलेले ज्ञान

मराठी बोलणारे मूल शाळेत येते तेव्हा मोडतोडीविषयीचे सूक्ष्म ज्ञान घेऊनच येते. मडके फुटते, काठी मोडते, दोरी तुटते, सदरा फाटतो, भिंत ढासळते, कपाला तडा जातो. ‘दोरी फुटली’ किंवा ‘मडके फाटले’ असे सहा वर्षांचे मूलही म्हणत नाही. हा नियम त्याला कोणी शिकविलेला नसतो. ताणलेले ते तुटते, लांब व ताठ ते मोडते, पातळ व पसरट ते फाटते, हे त्याने घरात आणि शेतात कानांनी टिपलेले असते. इंग्रजीत मडके, काठी व दोरी या तिन्हींना ‘ब्रेक’ हे एकच क्रियापद चालते; कापड व कागद यांसाठी तेवढे ‘टेअर’ निराळे आहे. म्हणजे या ठिकाणी मराठीच अधिक बारकाईने बोलते.

गुणवाचक शब्दांतही आपली भाषा दरिद्री नाही. ढेकूळ भुसभुशीत, पापड कुरकुरीत, शंकरपाळे खुसखुशीत, वस्त्र जीर्ण, खुर्ची तकलादू, आयुष्य क्षणभंगुर. या शब्दांची अदलाबदल केली की मुले तत्काळ हसतात. ज्याला हसू येते त्याला अर्थच्छटा कळलेली असते. इंग्रजी शब्द या तयार ज्ञानावर बसवावयाचे आहेत.

२. पाच शब्दांचा विचार

ब्रिटल हा मुख्यतः पदार्थाचा गुण आहे. जो पदार्थ न वाकता एकदम मोडतो तो ब्रिटल, म्हणजेच आपला ठिसूळ. येथे कठीणपणा आणि चिवटपणा यांत गल्लत होऊ देऊ नये. गारखेडा हे नाव उच्चारताच गारगोटी आठवते. गारगोटी अतिशय कठीण, पण घणाचा घाव बसताच तिच्या ठिकऱ्या उडतात. बिडाचा तवा हातातून पडला तर तडकतो. लोखंडी पत्र्याचा तवा पडला तर फार तर पोचा येतो. बीड कठीण असूनही ठिसूळ आहे.

फ्रॅजाइल हा बहुधा घडलेल्या वस्तूविषयी वापरतात. काच हा पदार्थ ब्रिटल आहे. काचेचा पातळ पेला फ्रॅजाइल आहे. काचेची जाडजूड लादी ब्रिटलच राहते, पण तिला सहसा कोणी फ्रॅजाइल म्हणणार नाही. या शब्दात ‘जपून हाताळा’ अशी सूचना दडलेली असते, म्हणूनच काचसामानाच्या खोक्यांवर तो छापतात. आपल्या जिल्ह्यातील अजिंठ्याचे उदाहरण घ्यावे. तेथील लेण्यांचा खडक मजबूत आहे. परंतु माती, तूस व वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्यावर काढलेली चित्रे फ्रॅजाइल आहेत. त्यांना हात लावू नये, हे मुलांना सांगताना या शब्दाचा खरा अर्थ सांगितला जातो. हा शब्द ‘मोडणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. त्याच धातूपासून अपूर्णांकाला इंग्रजीत ‘फ्रॅक्शन’ म्हणतात, म्हणजे मोडलेली संख्या.

फ्रेल हा शब्दही त्याच धातूचा, पण फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आलेला आहे. तो विशेषतः माणसाच्या प्रकृतीविषयी वापरतात. म्हातारपणी हाडे ब्रिटल होतात. आजी फ्रेल होते. आपणही हाडांना ठिसूळ म्हणतो, आजीला मात्र थकलेली किंवा अशक्त म्हणतो.

डेलिकेट यात घडणीच्या किंवा रूपाच्या नाजूकपणाचे कौतुक असू शकते. हिमरूवरील बारीक वेलबुट्टी, जाईची कळी, सोनाराचे तारकाम ही डेलिकेट होत. आपण नाजूक प्रकृती व नाजूक प्रश्न असेही म्हणतो. तेथेही हा शब्द चपखल बसतो.

फ्लिम्झी यात दोषाचा सूर आहे. पातळ, कमकुवत किंवा निकृष्ट घडणीच्या वस्तूला तो लावतात. आपला ‘तकलादू’ त्याच्या सर्वांत जवळचा. उशिरा येणारा विद्यार्थी जी लंगडी सबब सांगतो, तीही इंग्रजीत फ्लिम्झीच.

३. वर्गात घ्यावयाचा पाठ

साहित्य : खडूचा तुकडा, एक ओली व एक वाळलेली काडी, अंड्याचे टरफल, मातीची पणती, पातळ पुठ्ठ्याची डबी, एखादे फूल. फुटकी काच मुलांच्या हाती देऊ नये.

प्रत्येक वस्तू दाखवून तीन प्रश्न विचारावेत.

(अ) मोडण्यापूर्वी ही वस्तू वाकते काय?
(आ) हिला विशेष जपावे लागते काय?
(इ) हिच्याविषयी बोलणारा कौतुक करीत आहे, काळजी करीत आहे, की नावे ठेवीत आहे?

उत्तरे प्रथम मराठीत येऊ द्यावीत व इंग्रजी शब्द शेवटी फळ्यावर लिहावा. ओली काडी वाकते, तीच वाळली की कटकन मोडते. एवढ्या प्रयोगाने ब्रिटल हा शब्द मुलांच्या बोटांना कळतो. पहिला प्रश्न पदार्थाविषयी, दुसरा वस्तूविषयी आणि तिसरा बोलणाऱ्याच्या मनाविषयी आहे. तिसरा प्रश्न आपण बहुधा विचारतच नाही, आणि शब्दांच्या निवडीत चुका होतात त्या पुष्कळदा तेथेच.

४. वही तपासताना

या शब्दांच्या सीमा बांधासारख्या पक्क्या नाहीत. जुन्या पोथीचे पान घ्या. कागद ब्रिटल झाला म्हणून पोथी फ्रॅजाइल झाली. दोन्ही विधाने खरी आहेत. तेव्हा विद्यार्थ्याने अनपेक्षित शब्द लिहिला तर लाल रेघ ओढण्यापूर्वी त्याला कारण विचारावे. कारण पटण्याजोगे असल्यास उत्तर बरोबर धरावे. कारण सांगता न आल्यास तीच वस्तू पुन्हा त्याच्या हाती देऊन वरील तीन प्रश्न विचारावेत.

घरच्या अभ्यासासाठी प्रत्येकाने स्वयंपाकघरातील तीन वस्तू निवडाव्यात. त्या कशा मोडतात व घरातील माणसे त्यांविषयी कोणता शब्द वापरतात, हे विचारून लिहून आणावे. आई व आजी यांच्या तोंडून आलेले शब्द फळ्यावर मांडले म्हणजे इंग्रजीच्या तासाला मराठीचाही पाठ होईल, आणि घरची भाषा शाळेत कमी प्रतीची नाही, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.