आधी सांगाडा पक्का कर

वर्धा

चि. सायलीस,

वेब डिझाइन शिकायचं म्हणून नागपुरात खोली करायची, क्लास लावायचा आणि त्याचे पैसे ताईने कापसाच्या चुकाऱ्यातून काढायचे, हा बेत मला पटला नाही. निदान पहिलं वर्ष तरी समुद्रपुरातच राहा. हे शिक्षण फुकट आहे, आणि चांगलं आहे. टिम बर्नर्स-ली ज्या सर्न संस्थेत काम करत होते, तिने ३० एप्रिल १९९३ला वेबचं तंत्र सगळ्या जगासाठी खुलं केलं. पुढच्याच वर्षी त्यांनी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था काढली. तिथे ठरणारी मानकं आजही कुणालाही पैसे न देता वाचता येतात.

वाचायला मोझिलाचं एमडीएन घे, हाताला सराव म्हणून फ्रीकोडकॅम्पचे धडे कर. इंग्रजी अडलं तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, त्यातले बरेच मराठीतही आहेत. पण रोज नवा व्हिडिओ शोधत बसू नकोस. एक वाट धर आणि ती शेवटपर्यंत जा.

आणि नुसतं बघत राहू नकोस, काहीतरी खरं बनव. १९३७च्या ऑक्टोबरात आपल्या वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकण्याचा विचार नई तालीम म्हणून पुढे आला. तुझ्यासाठी ते काम तुझ्याच तालुक्यात आहे. वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, तिचंच एक पान कर.

त्या पानाची सगळी माहिती फोटोवर छापून टाकायचा मोह होईल. तसं केलंस तर मुंबईचं गिऱ्हाईक 'वायगाव हळद' शोधेल आणि तुझं पान त्याला सापडणं कठीण होईल. मजकूर मजकूर म्हणूनच लिही, तोही युनिकोडमध्ये. डीटीपीवाल्यांच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या फोनवर निव्वळ गिचमिड दिसतो. पानाच्या सुरुवातीलाच भाषा मराठी असल्याचं नोंदव. तेवढ्यानेच काही फॉन्ट 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न दाखवता आपल्या वळणाचे दाखवतात. शीर्षक नुसतं मोठं आणि ठळक करू नकोस, त्याला शीर्षकाचाच टॅग दे. अंध माणूस एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम वापरतो तेव्हा 'एच' ही कळ दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जातो. टॅग नसेल तर त्याला सगळं पान पहिल्यापासून ऐकत बसावं लागतं. हे एनव्हीडीएसुद्धा फुकट मिळतं. ते लावून, डोळे मिटून स्वतःचं पान एकदा ऐक.

रंगाचंही सांगतो, कारण विषय हळदीचा म्हटल्यावर तू पांढऱ्यावर पिवळी अक्षरं काढणारच. काढू नकोस. साध्या आकाराचं अक्षर आणि त्यामागचा रंग यांत किमान ४.५ ला १ इतका फरक हवा, असं मानक सांगतं, आणि पिवळं त्याच्या जवळपासही जात नाही. पिवळा रंग पट्टीला ठेव, अक्षरं गडद कर.

सजावटीचं पुढे बघता येईल, आधी सांगाडा पक्का कर. पान झालं की डब्ल्यूथ्रीसीच्या व्हॅलिडेटरमध्ये, म्हणजे चुका दाखवणाऱ्या तपासनिसात, टाक. चुकांची लांबलचक यादी आली तरी घाबरू नकोस. फक्त पहिली चूक दुरुस्त कर आणि पुन्हा तपास. एक टॅग बंद करायचा राहिला तरी त्याच्यापायी खाली दहा चुका दिसतात.

मग ते पान ताईच्या साध्या फोनवर, शेतात रेंज जेमतेम असते तिथे उघडून बघ. हळदीचा फोटो यायला वेळ लागला तर तो लहान कर. पानाचा पत्ता मला पाठव, मी इथून तपासतो.

तुझा,
मामा