खिओस मेंढी: एक जनावर, दोन उत्पन्नं

व्हिडिओत आपण जोडउत्पन्न समजून घेतलं. आता त्याचं ग्रीसमधलं एक उदाहरण बघू.

एजियन समुद्रात, तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ खिओस हे ग्रीक बेट आहे. तिथली मेंढी याच नावाने ओळखली जाते. अंग पांढरं, डोळ्यांभोवती, कानांवर आणि पायांवर बहुधा काळे डाग. दुधाला चांगली, आणि एका वेतात साधारण दोन कोकरं. कोकरं मांसासाठी विकायची, दुधाचं चीज करायचं. ऐकायला मस्त वाटतं ना?

अडचण कुठे आहे?

दोन्ही उत्पन्नं एकाच कासेतून येतात! कोकरू जितके दिवस पिणार, तितके दिवस विकायला दूध कमी. लवकर तोडलं तर कोकरू वजनाला मार खातं.

मग ते काय करतात?

वेळ वाटून देतात. साधारण सहा आठवडे दूध कोकरांचं. मग कोकरं तोडायची आणि पुढचे काही महिने दूध काढायचं. ईस्टरला ग्रीसमध्ये कोकराच्या मांसाला मोठी मागणी असते. म्हणजे आधी कोकरांचे एकरकमी पैसे, नंतर दुधाचे नियमित पैसे.

दुधाला गिऱ्हाईक

फेटा चीजमध्ये किमान ७०% दूध मेंढीचंच लागतं, बाकीचं शेळीचं चालतं. २००२ मध्ये युरोपियन युनियनने हे नाव ग्रीसच्या ठरावीक भागांसाठी राखून ठेवलं. गंमत म्हणजे खुद्द खिओस बेट त्या हद्दीत नाही, पण ही मेंढी मुख्य भूमीवरही पाळतात. तेव्हा माल चांगला असून भागत नाही, तो कुठे तयार होतो यावरही भाव ठरतो.

खर्च विसरू नका

जुळी पाजणाऱ्या मेंढीला खुराकही तसाच लागतो. नुसतं माळावर फिरवून एवढं दूध मिळत नाही. म्हणून "दोन कोकरं म्हणजे दुप्पट नफा" हा हिशोब चुकीचा. आधी खुराकाचा आणि मजुरीचा खर्च वजा करा, मग उरेल तो नफा.

तुमचा गृहपाठ

धंदा कुठलाही असो, वहीत तीन ओळी लिहा:

१. माझी दोन उत्पन्नं एकाच गोष्टीवर (जागा, वेळ, मशीन) अवलंबून आहेत का?
२. असतील, तर कोणत्या महिन्यात कोणाला आधी द्यायचं?
३. दुसऱ्या उत्पन्नामुळे वाढलेला खर्च किती?

तिसऱ्या ओळीत आकडा लिहिता येत नसेल, तर दुसरं उत्पन्न आत्ताच सुरू करू नका. आधी आकडा काढा.